मंदीतली सरकारी भित्तिपत्रके आणि बोरघाट

४ फेब्रुवारी १९३० रोजी जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ जून रोजी, त्याच रेल्वेची ‘दख्खनची राणी’ बोरघाट चढून लोणावळ्यामार्गे पुण्याला धावू लागली. मावळातून जाणारी ही रेल्वे १९२५ पासून थेट सरकारी व्यवस्थापनाखाली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

जागतिक मंदीच्या त्या दशकात हिंदुस्थानच्या सरकारी रेल्वेने ‘व्हिजिट इंडिया’ची सुरेख रंगीत भित्तिपत्रके काढली. ताजमहाल, बनारसचे घाट, मजकूर इंग्रजी. आवाहन होते परदेशी प्रवाशाला.

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ने बेकार चित्रकारांना सरकारी वेतनावर घेतले. त्यांची भित्तिपत्रके क्षयरोग, नाटके, राष्ट्रीय उद्याने यांविषयी स्वतःच्याच नागरिकांशी बोलत. मंदी एकच, पण एका सरकारसमोर नागरिक होता, दुसऱ्यासमोर गिऱ्हाईक.

मावळचा भातशेतकरी यांपैकी कोणीच नव्हता. शेतमालाचे भाव कोसळले, शेतसारा मात्र रोख भरावा लागे. बांधावरून त्याला दिसे ती राणी: एक गाडी रुपेरी, दुसरी गडद निळी, मुख्यतः पुण्याच्या घोडशर्यतींना जाणाऱ्यांसाठी. खरे तर तीच घाटातले सर्वांत मोठे भित्तिपत्रक म्हणायची!

डबे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचेच. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला जोडला गेला तो १९५५ साली.