खालचा सूर आणि फुंकणारा माणूस

बोरीवलीहून लोकल धरून चर्नी रोडला उतरले की रॉयल ऑपेरा हाउस जवळच आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे तेथे बोलपट लागले, १९९३ साली दारे बंद झाली आणि २०१६ साली ती पुन्हा उघडली. ऑपेरा म्हणजे युरोपचे संगीत नाटक. त्यातील गायकांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आम्ही रंगमंचापुढच्या खळग्यात बसून पितळी वाद्यांतला सर्वांत खालचा सूर फुंकणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहोत.

त्याच्या हाती कोणते वाद्य द्यावे? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची उत्तरे भराभर बदलली. आधी नागमोडी सर्पंट होते, मग चाव्यांचे ऑफिक्लाइड आले आणि १८३५ साली बर्लिनमध्ये ट्यूबाचे पेटंट निघाले. ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकसारखी जाते, म्हणून त्याचा सूर धारदार. ट्यूबाची नळी रुंदावत जाते, म्हणून त्याचा सूर गोल. तीन ट्रॉम्बोनांखाली ट्यूबा बसवला, की खर्ज वेगळा पडतो.

इटलीच्या व्हेर्दीला हे खपत नसे. मिलानला ‘आइदा’ व्हायचे होते, तेव्हा १८७१ च्या डिसेंबरात त्याने प्रकाशक रिकोर्दीला कळवले, की खर्जाचे वाद्य ट्रॉम्बोनच्याच कुळातले हवे. ते फार थकवणारे व अवघड असेल तर नेहमीचे ऑफिक्लाइड चालेल. पण इतरांत न मिसळणारे बोंबार्दोन, म्हणजे ट्यूबाचे भावंड, नको.

त्यातला थकव्याचा उल्लेख आम्हांला मोलाचा वाटतो. आम्ही पाहिलेल्या एका कारखान्यात नवे यंत्र आले, तेव्हा ते चालवणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. थोड्याच दिवसांत माणसांचे खांदे धरले आणि ठपका माणसांवरच आला. सुराचा एवढा हट्टी व्हेर्दी मात्र फुंकणाऱ्याच्या दमाचा हिशेब विसरला नाही. १८८१ साली त्याच्या इच्छेनुसार मिलानच्या पेलित्ती कारखान्याने झडपांचा खर्ज ट्रॉम्बोन घडवला. हत्यार बदलले, माणूस नव्हे. त्याच्या आजच्या वारसाला चिम्बासो म्हणतात.

सुरात सूर मिसळण्याची ही जाण आपल्याला परकी नाही. बालगंधर्वांच्या गळ्यामागे कादरबक्षांची सारंगी होती.

आजही कित्येक वाद्यवृंदांत व्हेर्दीचा हा भाग हाताशी असलेल्या ट्यूबावर भागवला जातो. चिम्बासो आणला, तरी तो बहुधा ट्यूबावाल्याच्याच हाती जातो आणि दुसऱ्या हत्याराचा सराव त्यालाच करावा लागतो. म्हणून वाद्य निवडताना दोन प्रश्न विचारावेत: सूर मिसळतो का, आणि फुंकणाऱ्याला विचारले का? पहिला प्रश्न कलेचा आहे, दुसरा न्यायाचा. व्हेर्दीने दोन्ही एकाच पत्रात मांडले.