30 काडतुसं, एक अंगठा: रायफलचं मॅगझिन भरायचा लोडर कसा निवडतात?

अमेरिकेतल्या शूटिंग रेंजवरचे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. टेक्सासला राहणारा कुणाचा तरी दादा कानांवर मफ चढवतो, एआर-15 खांद्याला टेकवतो आणि बघता बघता मॅगझिन रिकामं करतो. त्याआधी टेबलाशी उभं राहून ते मॅगझिन भरण्यात गेलेली मिनिटं मात्र रीलमधून कापलेली असतात. अशी पाच-सहा मॅगझिन भरली की अंगठ्याचं काय होतं, हे रेंजवर जाणाऱ्यांना विचारा.

म्हणूनच तिथे 'मॅगझिन लोडर' नावाच्या छोट्या अवजारांचा मोठा बाजार आहे. यातलं नेमकं काय घ्यावं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. तो फक्त वेळ वाचवण्याचा नाही.

अंगठा दुखतो तो का?

मॅगझिन म्हणजे आत स्प्रिंग असलेला डबा. वरून एकेक काडतूस आत दाबायचं. (आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक. गोळी, दारू आणि पितळी नळकांडं मिळून होतं ते काडतूस.) पहिली काही काडतुसं सहज जातात. पुढे स्प्रिंग आवळत जाते आणि 20-22 नंतर प्रत्येक काडतूस भांडायला लागतं. वरून मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा असतात, त्यांना 'फीड लिप्स' म्हणतात. अंगठा घासतो तो त्यांनाच. संधिवात असलेल्या माणसाला तर हे जमतच नाही.

आधी मॅगझिन बघा, मग लोडर

एआर-15चं नेहमीचं मॅगझिन 30 काडतुसांचं असतं. पण कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांत 10 पेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर कायद्याने बंदी आहे. तिथल्या माणसाने 30 काडतुसं एका दमात भरणारं महागडं यंत्र घेणं म्हणजे एकट्यासाठी पन्नास पानांचा कुकर लावणं.

दुसरं म्हणजे लोडर एका ठरावीक मॅगझिनसाठी बनलेला असतो. एआर-15चा लोडर एके-47च्या मॅगझिनवर बसत नाही, .308च्या मोठ्या मॅगझिनवरही नाही. इस्रायलच्या मॅगलुला कंपनीचे लोडर या क्षेत्रात सर्वात प्रसिद्ध. पण त्यांचा गाजलेला 'अपलुला' पिस्तुलाच्या मॅगझिनसाठी आहे. रायफलसाठी त्यांचाच 'लुला' वेगळा मिळतो. नावं सारखी असल्याने गोंधळ होऊ शकतो, तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

मग पर्याय कोणते?

सर्वात साधा प्रकार हा लुला. मॅगझिनच्या तोंडावर टोपीसारखा बसतो. त्याची तरफ दाबली की वरचं काडतूस खाली जातं, झालेल्या जागेत पुढचं ठेवायचं, पुन्हा तरफ. जोर तरफ लावते, अंगठा नाही. खिशात मावतो, किंमत साधारण 30 डॉलरच्या घरात. आणि तो उलट कामही करतो: भरलेलं मॅगझिन रिकामं करतो. घरी निघताना तीन मॅगझिन भरलेली राहिली असतील, तर हा गुण कळतो.

दुसरा प्रकार जुना, लष्करातला. दहा काडतुसं धातूच्या एका पट्टीत ओळीने अडकवलेली असतात, तिला 'स्ट्रिपर क्लिप' म्हणतात. मॅगझिनवर छोटा गाइड बसवायचा आणि पूर्ण ओळ एकदम आत ढकलायची. अशा तीन पट्ट्यांत 30 पूर्ण. ही कल्पना आपल्यालाही नवीन नाही. पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपांनीच भरली जायची. अडचण एवढीच, की दुकानातली बरीच काडतुसं पट्टीत नाही, 20च्या खोक्यात येतात. मग आधी पट्टी भरा, मग पट्टीतून मॅगझिन. कष्ट वाचत नाहीत, फक्त जागा बदलतात.

तिसरा प्रकार बेंच लोडर. टेबलावर ठेवायचा, खाचेत 30 काडतुसं आडवी मांडायची आणि दांडा ओढायचा. काही सेकंदांत मॅगझिन तयार. किंमत शंभर डॉलरच्या पुढे. दर आठवड्याला शेकडो काडतुसं उडवणाऱ्याला तो परवडतो. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला कशाला हवा?

.22 रायफलचं गणित वेगळंच आहे. .22 लाँग रायफलचं काडतूस बारीक, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली की मॅगझिन जाम. रूगर 10/22 ही 1964 पासून बनणारी लोकप्रिय रायफल हा त्रास गोल फिरणाऱ्या 10 काडतुसांच्या मॅगझिनने टाळते, आणि ते हातानेही आरामात भरतं. लोडर लागतो तो 25च्या लांब मॅगझिनला. तिथे घाई नको: जोराने दाबल्यास मऊ शिशाची गोळी वाकडी होते.

वेगाचा धोका

आता मुख्य मुद्दा. 2011 पासून अमेरिकेत '.300 ब्लॅकआउट' हे काडतूस प्रमाणित आहे. ते 5.56च्या काडतुसाचंच नळकांडं आखूड करून बनवलं जातं. त्यामुळे ते एआर-15च्या त्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि त्याच बोल्टवर चालतं. फक्त गोळी जाड आहे: सुमारे 7.8 मिलिमीटर, तर 5.56च्या नळीतून जाणारी गोळी सुमारे 5.7 मिलिमीटरची. चुकून हे काडतूस 5.56च्या रायफलमध्ये गेलं आणि चाप ओढला, तर जाड गोळी नळीत अडकते, दाब मागे फुटतो आणि रायफलच्या चिंधड्या होऊ शकतात. रायफल गालाला टेकलेली असते, हे लक्षात घ्या.

दोन्ही प्रकारच्या रायफली घरात असणारे लोक मॅगझिनना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावतात, ते यासाठी. पण काडतूस चुकीचं आहे हे ओळखायची सर्वात चांगली संधी भरतानाच असते. हाताने किंवा लुलाने भरताना प्रत्येक काडतूस बोटांतून जातं. चेपलेलं नळकांडं, आत रुतलेली गोळी, भलतंच काडतूस, हे सगळं तिथेच दिसतं. बेंच लोडरमध्ये मूठभर काडतुसं ओतून दांडा ओढला की ही तपासणी राहून जाऊ शकते. म्हणून माझं मत असं: दोन प्रकारची काडतुसं बाळगणाऱ्याने एकेक भरणारा लोडरच घ्यावा. बेंच लोडर हवाच असेल तर मांडलेली ओळ एकदा नीट बघितल्याशिवाय दांड्याला हात लावू नये, आणि टेबलावर एका वेळी एकाच प्रकारचा खोका उघडावा.

लोडर कुठलाही असो, हात मात्र काळे होतात. त्यात शिसं असतं. रेंजवरून निघताना साबणाने हात धुवायचे, त्याआधी वडापाव काय नि बर्गर काय, काही खायचं नाही. लहान मुलांना लोडरशी खेळायला देऊ नये.

आपल्याकडे लागतो का?

फारसा नाही. एआर-15सारखी रायफल भारतात सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. आपल्याकडचं क्लबातलं नेमबाजीचं जग ऑलिंपिक प्रकारांभोवती फिरतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात प्रत्येक काडतूस हाताने एकेक रायफलमध्ये ठेवतात. मॅगझिन दिसतं ते पिस्तुलाच्या प्रकारांत. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं त्या 25 मीटर पिस्तूलमध्ये पाच-पाच फैरींच्या मालिका असतात. पाच काडतुसांना अंगठा पुरतो.