खून कुणी केला? : बर्मिंगहॅम, १९६३

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास शिकवीत होतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आले आणि त्यामागोमाग प्रेम, क्षमा, अहिंसा हे ठरलेले शब्दही आले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, माफ करायला नेहमी मार खाणाऱ्यालाच का शिकवतात?" वर्ग हसला. मी तास कसाबसा पुरा केला. तिचा प्रश्न माझाच होता आणि बरीच वर्षे मी तो मनात दाबून ठेवला होता.

मी बारावीत असताना आमच्या वस्तीवर रात्री दगडफेक झाली. निमित्त जयंतीच्या मिरवणुकीच्या वाटेचे. माझ्या चुलत्याचे डोके फुटले. सकाळी आमची माणसे फिर्याद द्यायला निघाली, तोच गावातली चार वजनदार माणसे दारात येऊन बसली. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती आणि गावाला बक्षीस हवे होते. "झाले गेले विसरा, मोठ्या मनाने माफ करा," असे ते म्हणाले. दगड कुणी मारले हे त्यांनी विचारले नाही, कारण ते त्यांना ठाऊक होते. मन मोठे करण्याचे काम तेवढे आमच्या वाट्याला आले. तेव्हापासून क्षमा हा शब्द ऐकला की तो कुणाच्या तोंडून येतो आहे, हे मी आधी पाहतो.

किंग यांच्याविषयी माझ्या मनात जी अढी होती ती या अनुभवातून आलेली. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटनेला नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे, आणि विद्यार्थिदशेत मलाही तेच नाव जवळचे वाटे. किंग म्हणजे दुसरा गाल पुढे करणारा पाद्री, एवढ्यावर मी त्यांना निकालात काढले होते. ही माझी चूक होती. ती कुठे होती हे बर्मिंगहॅमच्या इतिहासात दिसते.

बर्मिंगहॅम हे अलाबामा राज्यातले लोखंड-पोलादाचे शहर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड-दोन दशकांत तेथे काळ्यांच्या घरांवर आणि चर्चवर इतके बाँब पडले, की लोक त्याला 'बॉम्बिंगहॅम' म्हणू लागले. ज्या टेकडीवर काही काळी कुटुंबे घरे घेऊन राहायला गेली, तिचे नाव पडले डायनामाइट हिल. यातले गुन्हेगार सापडत नसत. मे १९६३मध्ये शाळकरी मुलांनी मोर्चे काढले. पोलीसप्रमुख बुल कॉनर याने त्यांच्यावर कुत्रे सोडले, आगीच्या बंबांचे फवारे मारले. हे मोर्चे निघत ते सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून. सप्टेंबरात न्यायालयाच्या आदेशाने काही काळी मुले गोऱ्यांच्या शाळांत बसू लागली. वेगळेपणा आज, उद्या आणि कायम टिकवू, अशी भाषा जानेवारीतच करून सत्तेवर बसलेला जॉर्ज वॉलेस तेव्हा राज्यपाल होता.

१५ सप्टेंबर, रविवार. चर्चमध्ये तरुणांचा विशेष दिवस होता. रविवारच्या शाळेचा त्या दिवसाचा धडा होता 'क्षमा करणारे प्रेम'. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी पायऱ्यांखाली ठेवलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. तळघरातल्या प्रसाधनगृहात मुली कपडे नीटनेटके करीत होत्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर, या चौघी मेल्या. ॲडीची धाकटी बहीण सारा वाचली, पण तिचा उजवा डोळा गेला. त्याच दिवशी आणखी दोन काळी मुले मारली गेली: एक सोळा वर्षांचा, पोलिसाच्या गोळीने, दुसरा तेरा वर्षांचा, भावाच्या सायकलवर पुढे बसून जात असताना, मोटारसायकलवरून आलेल्या गोऱ्या पोराच्या गोळीने. त्या पोराला काही महिन्यांची शिक्षा झाली आणि तीही तहकूब करून त्याला देखरेखीवर सोडण्यात आले.

बाहेर लोक जमले, दगड उडू लागले. चर्चचे पाद्री जॉन क्रॉस हातात भोंगा घेऊन तेविसावे स्तोत्र म्हणत त्यांना शांत करू पाहत होते. हे चित्र पुस्तकात छापायला सोयीचे आहे. काळा पाद्री, मागे उद्ध्वस्त चर्च, ओठांवर बायबल. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच दिवशीची दुसरी एक गोष्ट.

डायान नॅश ही पंचवीस वर्षांची कार्यकर्ती आणि तिचा नवरा जेम्स बेव्हेल, जो स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होता, यांच्या कानांवर बातमी आली. त्या दिवशी आपण काय बोललो ते नॅशने पुढे अनेकदा उघडपणे सांगितले आहे. आपण मोठी माणसे आहोत, चार मुली मारल्या गेल्या असताना आपण स्वस्थ बसू शकत नाही, हे त्यांनी आधी ठरवले. मग दोन वाटा मांडल्या. एक, मारेकरी शोधून काढायचे आणि त्यांना ठार करवायचे. तो शोध अशक्य नाही असे त्यांना वाटत होते. दुसरी, अलाबामात काळ्यांना मतदानाचा हक्क मिळवायचा, म्हणजे आपल्या मुलांचे रक्षण करण्याइतकी सत्ता आपल्या हाती येईल. त्यांनी दुसरी निवडली आणि लगेच आराखडा लिहायला बसले. नॅश तो घेऊन किंग यांच्याकडे गेली. पुढाऱ्यांनी तो प्रथम फारसा मनावर घेतला नाही. पण तोच विचार १९६५ साली सेल्माला पोहोचला. ७ मार्चला पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली आणि ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला.

येथे सुडाला दिलेला नकार आहे, पण तो संतापाचा नकार नव्हे. सुडाची वाट त्यांनी पाप म्हणून झटकून टाकली नाही. ती समोर ठेवली, तोलली आणि मग सोडली. मारेकरी दोन-चार असतील, पण त्यांना शेरीफचे, मुकाट ज्युरीचे आणि काळ्यांना यादीत न घेणाऱ्या मतदार नोंदणीचे संरक्षण आहे, हे त्यांना दिसत होते. चार माणसे मारून ती नोंदणी बदलणार नव्हती.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या आठवड्यात दोन माणसांनी जाहीरपणे विचारला. पहिला चार्ल्स मॉर्गन, तेहतीस वर्षांचा गोरा वकील. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी गोऱ्या तरुण व्यावसायिकांच्या क्लबात त्याने भाषण केले. हे कुणी केले, असे सारे विचारत आहेत, आणि उत्तर आहे की आपण सगळ्यांनी केले, असे तो म्हणाला. द्वेषाचे विनोद सांगणारे, ते ऐकून हसणारे, गप्प बसणारे पाद्री, संपादक, व्यापारी, सगळे त्याने धरले. त्याला धमक्या आल्या, वकिली बसली आणि शेवटी शहर सोडावे लागले. सामूहिक जबाबदारी कबूल करण्याची किंमत असते. माझ्या गावच्या चार माणसांना ती द्यायची नव्हती.

दुसरे किंग. १८ सप्टेंबरला तिघींच्या अंत्यविधीत ते बोलले. मुलींना कुणी मारले एवढ्यावर थांबू नका, मारेकरी ज्या व्यवस्थेतून, ज्या जीवनपद्धतीतून, ज्या तत्त्वज्ञानातून जन्मले त्याचा विचार करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे वाचताना मला बाबासाहेबांचे १९३६चे न झालेले भाषण आठवते. माणसे दुष्ट आहेत म्हणून जात पाळतात असे नाही, धर्म त्यांना ती पाळायला लावतो आणि म्हणून घाव तेथे घातला पाहिजे, ही बाबासाहेबांची मांडणी. दोघांत मोठे अंतर आहे. किंग त्याच धर्माच्या आत उभे राहून बोलत होते. बाबासाहेब बाहेर पडले. किंग यांच्या समोरचे मारेकरीही ख्रिस्तीच होते, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिले ते 'सबुरीने घ्या' सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून. त्या अंत्यविधीतही त्यांनी रंगीत काचांच्या खिडक्यांआड गप्प बसणाऱ्या धर्मोपदेशकांना सोडले नाही, द्वेषावर पोसलेल्या राजकारण्यांना सोडले नाही, आणि निमूट सहन करीत कडेला उभ्या राहिलेल्या काळ्या माणसालाही सोडले नाही. गोऱ्या बांधवांवरचा विश्वास ढळू देऊ नका, असेही ते त्याच भाषणात म्हणाले. ते माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

मात्र 'आपण सगळ्यांनी केले' या वाक्यात एक चोरवाट आहे. सगळेच दोषी म्हटले की कुणीच दोषी राहत नाही. बर्मिंगहॅममध्ये नेमके तेच झाले. रॉबर्ट चॅम्ब्लिस या क्लॅनवाल्याला १९६३ साली शिक्षा झाली ती डायनामाइट बाळगल्याची, शंभर डॉलर दंड आणि तहकूब कैद. १९६५पर्यंत एफ. बी. आय.च्या अधिकाऱ्यांनी चार संशयितांची नावे वर पाठवली होती. प्रमुख एडगर हूव्हरने खटला होऊ दिला नाही आणि १९६८ साली फाईल बंद झाली. १९७१ साली बिल बॅक्सली हा तरुण गोरा वकील अलाबामाचा महाधिवक्ता झाला. स्फोट झाला तेव्हा तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या सरकारी टेलिफोन कार्डावर चारही मुलींची नावे लिहून ठेवली होती, प्रत्येक फोनच्या वेळी दिसावीत म्हणून. १९७७ साली चॅम्ब्लिसला जन्मठेप झाली. एफ. बी. आय.ने आपल्याजवळच्या ध्वनिफिती तेव्हा दिल्या नाहीत, म्हणून उरलेल्यांपैकी ब्लँटनला शिक्षा व्हायला २००१ साल उजाडले आणि चेरीला २००२. चौथा, कॅश, १९९४ साली खटल्याविना मेला.

चौदा वर्षे, अडतीस वर्षे, एकोणचाळीस वर्षे. क्षमेचे धडे एवढा वेळ घेत नाहीत.

आपल्याकडे चोरवाट उलट्या दिशेने निघते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका कुटुंबातल्या चौघांना मारले. काहींना शिक्षा झाली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही, आणि २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या हत्येमागे जात नव्हे, सूड आहे असे मानले. सूड म्हटले की दोन घरांचे वैर झाले. गाव सुटले, जात सुटली. बर्मिंगहॅममध्ये व्यवस्थेला दोष देऊन माणसे मोकळी राहिली, खैरलांजीत माणसांना शिक्षा देऊन व्यवस्था.

स्फोटानंतर त्या चर्चची एक रंगीत काचेची खिडकी चौकटीत शाबूत राहिली, फक्त येशूचा चेहरा उडून गेला. १९६५ साली वेल्समधल्या सामान्य माणसांनी पैसा पैसा जमवून नवी खिडकी पाठवली. कुणा एका श्रीमंताने ती घेऊ नये म्हणून देणगीवर मर्यादा घातली होती. जॉन पेट्स या चित्रकाराने तीत काळा ख्रिस्त रंगवला. एक हात अन्याय अडवणारा, दुसरा क्षमा देऊ करणारा. अडवणारा हातही तेथे आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

पुढच्या तासाला मी हे सारे वर्गात सांगितले. ती विद्यार्थिनी पुन्हा उठली. "सर, त्या साराच्या डोळ्याचे काय झाले?" मी सांगितले: २०२० साली, सत्तावन्न वर्षांनी, सारा कॉलिन्स रुडॉल्फ यांनी राज्याकडे माफी आणि नुकसानभरपाई अशा दोन गोष्टी मागितल्या. राज्यपालांनी पत्र लिहून माफी मागितली. भरपाईचे वकिलांनी चर्चा करून पाहावे, असे त्या पत्रात होते. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले आणि खाली बसली.