क्यूबन स्त्रियांच्या स्मृती : क्रांती, देशत्याग आणि मायभूमी

क्यूबन स्त्रियांच्या स्मृती : १९५९ च्या क्यूबन क्रांतीत भाग घेतलेल्या, क्रांतीनंतर देशात राहिलेल्या अथवा देश सोडून गेलेल्या स्त्रियांची आत्मकथने, मुलाखती, पत्रे, ललित साहित्य आणि कलाकृती यांतून साठलेले स्मृतिसाहित्य. हे साहित्य प्रामुख्याने हवाना आणि मायामी या दोन शहरांत जमा झाले आणि दोन्हीकडच्या जतनकर्त्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्यातून निवड केली. एखाद्या बाईची आठवण टिकली की विरली, हे पुष्कळदा ती कोणी उतरवून घेतली यावर ठरले.

सशस्त्र लढा : २६ जुलै १९५३ रोजी फिदेल कास्त्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांतियागो दे कूबा येथील मोंकादा लष्करी ठाण्यावर हल्ला केला. त्यांच्यात दोन स्त्रिया होत्या : आयदे सांतामारिया आणि वकील मेल्बा एर्नांदेस. हल्ला फसला. आयदे यांचा भाऊ आबेल व वाग्दत्त वर बोरिस लुईस सांता कोलोमा यांना पकडून, हाल करून मारण्यात आले. या दोघींना सात महिन्यांची कैद झाली. सुटल्यावर त्यांच्या वाट्याला वेगळेच काम आले. पिनोस बेटावरच्या तुरुंगातून कास्त्रो आपले न्यायालयातील भाषण लिंबाच्या रसाने, साध्या पत्रांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत लिहून पाठवत. कागदावरून गरम इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरे उमटत. या दोघींनी असे तुकडे जुळवले आणि १९५४ मध्ये त्या भाषणाची पुस्तिका गुप्तपणे छापून वाटण्यात आली. क्रांतीचा हा पायाभूत दस्तऐवज स्त्रियांच्या हातून आकाराला आला. राजकीय इतिहासांत मात्र या कामाला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

१९६७ मध्ये आयदे हवाना विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे मोंकादाविषयी बोलल्या आणि ते कथन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्या हल्ल्याच्या दिवसाची सांगड स्वतःच्या बाळंतपणाशी घालतात. वीरगाथेचा सूर त्यात जवळपास नाही. त्यांनी १९५९ पासून ‘कासा दे लास आमेरिकास’ ही सांस्कृतिक संस्था चालवली. २८ जुलै १९८० रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यामागच्या कारणांबद्दल एकमत नाही.

सेलिया सांचेस (१९२०–८०) यांनी सिएरा माएस्त्रा डोंगरातील लढ्याच्या काळातच चिठ्ठ्या, हुकूम, निरोप असे सारे कागद जपून ठेवले. त्यांतून १९६४ मध्ये इतिहासविषयक कार्यालय उभे राहिले. सप्टेंबर १९५८ मध्ये ‘मारियाना ग्राहालेस’ ही स्त्रियांची लढाऊ पलटण स्थापन झाली. तिच्यातील तेते प्वेब्ला पुढे ब्रिगेडियर जनरल झाल्या. तो हुद्दा मिळवणाऱ्या त्या क्यूबातील पहिल्या स्त्री होत. विल्मा एस्पिन यांच्या नेतृत्वाखाली २३ ऑगस्ट १९६० रोजी क्यूबन महिला महासंघ स्थापन झाला.

१९६१ : दोन प्रस्थाने : या स्मृतिसाहित्यातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९६१ आहे. त्या वर्षी हजारो क्यूबन मुलींनी घर सोडले. काहींनी डोंगराकडे जाण्यासाठी, काहींनी अमेरिकेकडे.

पहिले प्रस्थान साक्षरता मोहिमेचे. सुमारे एक लाख किशोरवयीन मुले-मुली ‘कोन्रादो बेनितेस’ ब्रिगेडमध्ये दाखल होऊन खेडोपाडी शिकवायला गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. जाण्यासाठी पालकांची लेखी संमती लागे आणि अनेक मुलींच्या आठवणी या सहीपासूनच सुरू होतात : वडील नाही म्हणतात, आई गप्प राहते, मुलगी हट्ट धरते. वारादेरो येथे प्रशिक्षण झाल्यावर प्रत्येकीला गणवेश, झोळणा, वाचनपुस्तिका आणि रॉकेलची बत्ती मिळे. दिवसा शेतकरी कुटुंबाबरोबर राबायचे आणि रात्री त्या बत्तीच्या उजेडात त्यांना अक्षरे गिरवायला लावायची, असा नेम असे. शहरात एकटीने रस्ता ओलांडायलाही परवानगी नसलेल्या मुली महिनोन्महिने परक्या घरी राहिल्या. म्हणूनच या कथनांत साक्षरतेइतकीच स्वतःच्या मोकळिकीची गोष्ट येते. हल्ल्याची भीतीही होती. नोव्हेंबरमध्ये मान्वेल आस्कुन्से हा किशोर शिक्षक आणि त्याचा शेतकरी विद्यार्थी यांची हत्या झाली. २२ डिसेंबर १९६१ रोजी मोहीम पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. सुमारे ७ लाख ७ हजार प्रौढ साक्षर झाले. नवसाक्षरांनी कास्त्रो यांना लिहिलेली पत्रे हवानातील साक्षरता संग्रहालयात आहेत. कॅथरीन मर्फी यांच्या ‘माएस्त्रा’ या माहितीपटात (२०१२) अशा काही शिक्षिका उतारवयात बोलल्या आहेत.

दुसरे प्रस्थान ‘पेद्रो पान’ या नावाने ओळखले जाते. २६ डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४,०४८ मुले आईवडिलांवाचून विमानाने अमेरिकेस पाठवण्यात आली. मायामीतील धर्मगुरू ब्रायन वॉल्श यांनी तिथली व्यवस्था पाहिली, तर हवानात पोलिता ग्राउ यांच्यासारख्यांनी व्हिसामाफीची पत्रे गुपचूप वाटली. पोलिता यांना पुढे दीर्घ कारावास भोगावा लागला. सरकार पालकांचा मुलांवरील हक्क काढून घेणार, अशी अफवा पसरली होती आणि तशा कायद्याचा बनावट मसुदाही हातोहात फिरत होता. तो कोणी पसरवला आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा त्यात किती वाटा होता, हा वाद मिटलेला नाही. लहानपणी याच मार्गाने गेलेल्या राज्यशास्त्रज्ञ मारिया दे लोस आन्हेलेस तोर्रेस यांनी कागदपत्रे मिळवण्यासाठी त्या यंत्रणेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

हवानाच्या विमानतळावर काचेने बंद केलेली एक प्रतीक्षाखोली होती. लोक तिला ‘पेसेरा’, म्हणजे मत्स्यपेटी म्हणत. एकदा आत गेले की बाहेरचे आईवडील दिसत, पण त्यांचा आवाज पोचत नसे. पेद्रो पान मुलींच्या कथनांत ही काच हमखास येते. फ्लॉरिडात उतरल्यावर ज्यांना नातलग नव्हते त्यांना छावण्यांत आणि तेथून दूरदूरच्या राज्यांतील अनाथालयांत वा सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवले गेले. काहींना आईवडील काही महिन्यांत भेटले, काहींना अनेक वर्षांनी, काहींना कधीच नाही.

ही दोन प्रस्थाने सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत सांगितली जातात, पण त्यांचा कार्यकारणसंबंध आहे. एप्रिल १९६१ मध्ये मोहिमेसाठी शाळा बंद झाल्या, जूनमध्ये खासगी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि मुलगी डोंगरात पाठवावी लागेल या धास्तीने कित्येक मध्यमवर्गीय घरांनी तिला विमानात बसवले. बत्ती घेऊन गेलेली आणि काचेआडून निरोप घेतलेली, या मुली बहुधा एकाच वयाच्या, कधी एकाच शाळेतल्या होत्या. त्यांच्या आठवणी एकत्र वाचल्याखेरीज १९६१ समजत नाही.

माती : कलावंत आना मेन्दिएता (१९४८–८५) हिला वयाच्या बाराव्या वर्षी थोरल्या बहिणीसह पेद्रो पान योजनेतून पाठवण्यात आले. तिचे पुढचे दिवस आयोवा राज्यातील अनाथालयांत आणि परक्या कुटुंबांत गेले. आई १९६६ मध्ये आली. वडील क्यूबात तुरुंगात होते, ते १९७९ मध्ये भेटले. १९७३ पासून तिने ‘सिलुएता’ ही मालिका केली. चिखल, वाळू, गवत, फुले, बंदुकीची दारू, आग यांनी ती जमिनीवर स्वतःच्या देहाची आकृती उमटवी, तिचे छायाचित्र घेई आणि आकृती ऊनपावसाच्या हवाली करी. जन्मभूमीपासून तुटल्याची वेदना या कामामागे असल्याचे तिने स्वतः सांगितले आहे. १९८० मध्ये ती क्यूबात भेटीसाठी गेली. पुढच्या वर्षी हवानाजवळच्या हारुको येथील चुनखडकाच्या गुहांत तिने स्त्रीरूपे कोरली आणि त्यांना मूळ तैनो लोकांच्या देवतांची नावे दिली. न्यूयॉर्कमध्ये उंचावरील खिडकीतून पडून तिचा मृत्यू झाला. पती, शिल्पकार कार्ल आंद्रे यांच्यावर खटला चालला आणि ते १९८८ मध्ये निर्दोष सुटले.

गायिका सेलिया क्रूस जुलै १९६० मध्ये कार्यक्रमासाठी मेक्सिकोस गेल्या, त्या परतल्या नाहीत. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा त्यांना देशात येऊ दिले गेले नाही. १९९० मध्ये क्यूबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी तळावर गायला गेल्या असता त्यांनी तेथून मूठभर माती घेतली. २००३ मध्ये तीच माती त्यांच्यासोबत पुरण्यात आली. मायामीतील कारिदाद मातेच्या देवळाच्या पायातही क्यूबाची माती व दगड घातले आहेत.

परतभेटी : कवयित्री व समाजशास्त्रज्ञ लूर्देस कासाल (१९३८–८१) क्रांतीच्या बाजूने होत्या, मग विरोधात गेल्या, न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या आणि पुन्हा क्रांतीकडे वळल्या. आफ्रिकी व चिनी वंशाच्या या लेखिकेने आपल्या चिनी पूर्वजावर कथा लिहिली. १९७४ मध्ये निघालेल्या ‘आरेइतो’ नियतकालिकाच्या त्या संस्थापकांपैकी होत. त्या वर्तुळातील तरुणांच्या कथनांचा ‘कोन्त्रा व्येन्तो इ मारेआ’ हा संग्रह १९७८ मध्ये कासा दे लास आमेरिकासने पुरस्कृत केला. लहानपणी देशाबाहेर नेलेल्या तरुणांची आन्तोनियो मासेओ ब्रिगेड १९७७ च्या अखेरीस क्यूबात गेली. मायामीत त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले. ब्रिगेडमधील कार्लोस मुन्यिस वारेला याचा १९७९ मध्ये सान हुआन येथे खून झाला. त्याच वर्षी सुमारे एक लाख निर्वासितांनी क्यूबाला भेट दिली. कासाल शेवटच्या आजारात हवानात परतल्या आणि तेथेच त्यांचे निधन झाले. मानवशास्त्रज्ञ रूथ बेहार (जन्म हवाना, १९५६) यांनी ‘ब्रिजेस टू क्यूबा’ (१९९५) या संपादित ग्रंथात देशातल्या व देशाबाहेरच्या लेखक-कलावंतांना एकत्र आणले.

नोंदवणारे : अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस व त्यांच्या पत्नी रूथ लुईस यांनी १९६९–७० मध्ये हवानात ध्वनिमुद्रित मुलाखती घेतल्या. जून १९७० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला व काही साहित्य जप्त केले. डिसेंबरमध्ये ऑस्कर लुईस वारले. उरलेल्या सामग्रीतून सुझन रिग्डन यांच्या साहाय्याने ‘फोर विमेन’ (१९७७) हा खंड निघाला. त्यातील चौघींत एक पूर्वाश्रमीची नन, तर एक पूर्वी वेश्याव्यवसायात होती. दोघींनाही क्रांतीने बदलले, पण सरकारी पुस्तकांत सांगितले होते तसे नाही. अमेरिकी लेखिका मार्गारेट रँडल यांचे ‘क्यूबन विमेन नाऊ’ (१९७४) अधिक आशावादी आहे.

कृष्णवर्णीय स्त्रियांचा आवाज दोन्ही शहरांच्या संग्रहांत क्षीण आहे. म्हणून ‘रेयिता’ या पुस्तकाचे मोल मोठे. मारिया दे लोस रेयेस कास्तियो ब्वेनो (१९०२–९७) यांनी आपले आयुष्य मुलगी दाइसी रुबिएरा कास्तियो हिला सांगितले. आजी अंगोलातून गुलाम म्हणून आणलेली. १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांची झालेली कत्तल त्यांच्या बालपणाच्या आठवणींत आहे. तरुणपणी त्या आफ्रिकेस परतू पाहणाऱ्या गार्वी चळवळीत होत्या. मुलांच्या वाट्याला आपले भोग येऊ नयेत म्हणून त्यांनी ठरवून गोऱ्या माणसाशी संसार मांडला आणि ते लग्न खरे नव्हतेच, हे त्यांना फार उशिरा कळले. या कथनात १९५९ हे वर्ष मध्यभागी नाही. दारिद्र्य, वर्णभेद आणि नवऱ्याचा धाक यांच्याशी त्यांची झुंज त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. मायभूमीची ओढ इथे दोन पिढ्या मागे, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेपर्यंत जाते.

तुरुंग : राजकीय कैदी स्त्रियांची कथने तुलनेने थोडी आहेत. १९ वर्षे कैदेत काढलेल्या आना रोद्रिगेस यांचे ‘डायरी ऑफ अ सर्व्हायव्हर’ (१९९५) हे त्यांतील उल्लेखनीय.

नंतरची स्थलांतरे : १९८० मध्ये मारियेल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक गेले. सोळाव्या वर्षी त्यांच्यात असलेल्या पत्रकार मिर्ता ओहितो यांनी ‘फाइंडिंग मान्याना’ (२००५) मध्ये आपल्याला नेणाऱ्या नावेचा आणि तिच्या कप्तानाचा शोध घेतला आहे. १९९४ मध्ये तराफ्यांवरून गेलेल्यांत स्त्रियाही होत्या.

संग्रह : मायामी विद्यापीठाचा क्यूबन वारसा संग्रह मुलाखती, पत्रे व छायाचित्रे यांनी समृद्ध आहे. हवानात कासा दे लास आमेरिकास आणि सेलिया सांचेस यांनी उभारलेले कार्यालय येथे कागदपत्रे आहेत.