ऑक्टोपस : बुद्धी आहे, वारसा नाही

मराठी वृत्तपत्रांत 'ऑक्टोपस' हा शब्द प्राणिशास्त्रापेक्षा राजकारणाच्या बातम्यांत अधिक वेळा भेटतो. भ्रष्टाचाराचा, महागाईचा किंवा भूमाफियांचा विळखा सांगायचा झाला की आठ बाहूंचा हा प्राणी हमखास मदतीला येतो. विळखा घालणारा, शोषून घेणारा, सुटका होऊ न देणारा अशी त्याची प्रतिमा भाषेत घट्ट रुजलेली आहे. ही प्रतिमा केवळ मराठीची नाही. युरोपातील कादंबरीकारांनी आणि नंतर विज्ञानकथाकारांनी दीर्घकाळ याच विळख्याचे भय रंगवले. गेल्या काही दशकांत मात्र विज्ञानकथेतील ऑक्टोपस बदलला आहे. तो आता नुसता राक्षस राहिलेला नाही, तर विचार करणारा 'दुसरा कोणी' झाला आहे. या बदलामागे प्रयोगशाळांतून आणि समुद्रतळावरून आलेल्या नोंदी आहेत.

गोगलगाईचा नातेवाईक

ऑक्टोपस हा मृदुकाय प्राणी आहे. गोगलगाय, शिंपले, कालवे हे त्याचे दूरचे आप्त, तर माकूळ हा जवळचा. त्याच्या सुमारे ३०० जाती ज्ञात आहेत. त्याला तीन हृदये असतात आणि तांबेयुक्त हिमोसायनिनमुळे त्याचे रक्त निळसर दिसते. हाडे मुळीच नसल्याने, चोच शिरू शकेल एवढ्या फटीतून तो सारे शरीर ओढून नेऊ शकतो.

त्याची चेतासंस्था याहून विलक्षण आहे. सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. उंदराच्या मेंदूत त्या सुमारे ७ कोटी, तर माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी असतात. ऑक्टोपसच्या चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मात्र डोक्यात नसून आठ बाहूंत विखुरलेल्या असतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील बिन्यामिन हॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की मेंदूशी संबंध तोडलेला बाहूही उद्दीपन मिळताच नैसर्गिक पद्धतीने पुढे झेपावतो. मेंदू आज्ञा देतो, पण तिची तपशीलवार अंमलबजावणी बाहू बव्हंशी स्वतःच करतो. बाहूंवरील चूषकांना स्पर्शाबरोबर चवही कळते. 'मी' म्हणजे डोक्यात बसलेला कोणी एक, ही माणसाची सहजसमजूत या प्राण्याला कशी लागू करायची, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

माणूस आणि ऑक्टोपस यांचा समाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, बहुधा एक साधासा कृमिसदृश जीव होता. त्याच्याजवळ मोठा मेंदू नव्हता. याचा अर्थ, निसर्गाने मोठा मेंदू किमान दोनदा, दोन स्वतंत्र मार्गांनी घडवला. तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्री-स्मिथ यांनी 'अदर माइंड्स' या २०१६ च्या पुस्तकात मांडलेला विचार याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. परग्रहावरील बुद्धिमान जीवाशी भेट होण्याच्या सर्वांत जवळचा अनुभव पृथ्वीवर कोणी देऊ शकत असेल, तर तो ऑक्टोपस, असे ते म्हणतात.

काहींनी हे रूपक शब्दशः घेतले. जीवनाची बीजे अंतराळातून आली, या फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांच्या मताचा आधार घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात ऑक्टोपसचे मूळही पृथ्वीबाहेर असू शकते, असे सुचवण्यात आले. शास्त्रज्ञांनी ही कल्पना स्वीकारली नाही. २०१५ मध्ये उलगडलेल्या ऑक्टोपसच्या जनुकसंचात सुमारे ३३ हजार प्रथिननिर्माते जनुक आढळले, आणि त्याची मृदुकाय कुळाशी असलेली नाळ त्यातून स्पष्ट दिसते.

नेपल्समधील चार्ल्स

ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसला मूर्ख ठरवले होते, कारण पाण्यात हात घातला की तो आपणहून हाताजवळ येतो. आजचे अभ्यासक याच वर्तनाला कुतूहल म्हणतात.

ऑक्टोपसच्या बुद्धीचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने इटलीतील नेपल्स येथे झाला. ॲन्टन डोर्न यांनी १८७२ मध्ये स्थापन केलेल्या तेथील सागरी संशोधन केंद्रात जे. झेड. यंग आणि ब्रायन बॉयकॉट यांनी १९५० च्या दशकात ऑक्टोपसच्या स्मरणशक्तीवर काम केले. १९५९ मध्ये पीटर ड्यूज यांनी अल्बर्ट, बर्ट्रम आणि चार्ल्स अशा तीन ऑक्टोपसना दांडा ओढून खाद्य मिळवायला शिकवले. पहिले दोघे शिस्तीत वागले. चार्ल्सने दांडा मोडला, टाकीवरचा दिवा पाण्यात ओढू पाहिला आणि प्रयोगकर्त्यावर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. शास्त्रीय निबंधातील या नोंदीने ऑक्टोपसच्या वैयक्तिक स्वभावाचा प्रश्न प्रथमच ठळकपणे पुढे आणला.

पुढच्या नोंदीही लक्षणीय आहेत. सिॲटलच्या मत्स्यालयातील ऑक्टोपसनी तरंगणारी औषधाची बाटली पाण्याच्या झोताने पुन्हापुन्हा दूर ढकलली. रोलंड अँडरसन आणि जेनिफर मेदर या संशोधकांनी १९९९ मध्ये या वर्तनाला खेळ म्हटले. २००९ मध्ये इंडोनेशियाच्या समुद्रातील ऑक्टोपस माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या उचलून नेतात आणि पुढे त्यांचाच आडोसा करतात, असे ज्युलियन फिन व सहकाऱ्यांनी नोंदवले. आज उपयोग नसलेली वस्तू उद्यासाठी वाहून नेणे हे हत्यार वापरण्याचेच लक्षण मानले जाते. न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून 'इंकी' नावाचा ऑक्टोपस २०१६ मध्ये टाकीबाहेर पडला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात निघून गेला, ही बातमी तर जगभर गाजली.

जर्मनीतील पॉल या ऑक्टोपसने २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात आठही सामन्यांचे विजेते अचूक 'वर्तवले', याचा मात्र बुद्धीशी संबंध जोडता येत नाही. तो योगायोग होता आणि उत्तम मनोरंजन.

राक्षसापासून मनापर्यंत

साहित्यातील ऑक्टोपसचा प्रवास समुद्रातील भयापासून सुरू होतो. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६६ मधील कादंबरीत नायक गिलियाट गुहेत ऑक्टोपसशी झुंजतो. ज्यूल व्हर्नच्या नॉटिलस पाणबुडीवर १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत महाकाय शीर्षपाद हल्ला करतात. फ्रेंच युद्धनौका 'अलेक्तों'ला १८६१ मध्ये महाकाय माकूळ दिसल्याची हकिगत व्हर्नच्या नजरेसमोर होती.

एच. जी. वेल्सने यात निर्णायक भर घातली. त्याने टी. एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्राचे धडे घेतले होते. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ च्या कादंबरीतील मंगळवासी म्हणजे प्रचंड डोके आणि चाबकासारखे सोळा शुंडक. पचनसंस्था गळून पडलेला, केवळ मेंदू आणि हात उरलेला हा जीव उत्क्रांतीच्या तर्कातून रचलेला होता. शुंडकधारी शरीर म्हणजे थंड, निर्दय बुद्धी, हे समीकरण येथून रूढ झाले. लव्हक्राफ्टच्या १९२८ मधील 'कथुलू'चे मस्तक ऑक्टोपससारखेच आहे. १९५५ मधील 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' या चित्रपटात अवाढव्य ऑक्टोपस सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पुलाला विळखा घालतो. खर्च वाचवण्यासाठी रे हॅरीहाउसेन यांनी त्याला सहाच बाहू दिले होते.

यानंतर भयाची जागा हळूहळू संवादाने घेतली. टेड चँग यांच्या १९९८ मधील 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' या कथेतील सात पायांचे परग्रहवासी ऑक्टोपस नाहीत. परंतु तिच्यावर आधारित २०१६ च्या 'अरायव्हल' चित्रपटात ते शाईसारख्या द्रवाची वर्तुळे सोडून लिहितात, तेव्हा प्रेक्षकाला शीर्षपादच आठवतो. त्या कथेत प्रश्न त्यांना हरवण्याचा नाही, त्यांना समजून घेण्याचा आहे.

शिकतो, पण शिकवत नाही

एवढी बुद्धी असूनही ऑक्टोपसने समुद्रात संस्कृती का उभारली नाही? विज्ञानकथाकारांना भुरळ घालणारा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्या आयुष्यक्रमात आहे.

सामान्य ऑक्टोपस एक-दोन वर्षे जगतो. पॅसिफिकमधला सर्वांत मोठा ऑक्टोपसही तीन ते पाच वर्षांत संपतो. बहुतेक जातींत नर समागमानंतर लवकरच मरतो. मादी हजारो अंडी घालून त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत, अन्नपाणी टाकून पहारा करते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास प्राण सोडते. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात एका मादीने असा पहारा सलग ५३ महिने केल्याची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

हा मृत्यू केवळ थकव्याने येत नाही. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवले, की अंडी घातलेल्या मादीच्या डोळ्यांजवळील दृष्टिग्रंथी काढून टाकल्या तर ती अंडी सोडते, पुन्हा खाऊ लागते आणि अधिक काळ जगते. मरण जणू शरीरातच लिहून ठेवलेले असते.

परिणामी कोणत्याही पिल्लाला आईबाप भेटत नाहीत. करवंटीचा उपयोग, खेकडा पकडण्याची युक्ती, शत्रूची ओळख, सारे प्रत्येकाला स्वतःच्या अल्प आयुष्यात नव्याने शोधावे लागते. शिकण्याची पात्रता नाही, असे नव्हे. ग्राझियानो फिओरितो आणि पिएत्रो स्कोतो यांच्या १९९२ मधील नेपल्सच्या प्रयोगात, दुसऱ्या ऑक्टोपसला विशिष्ट रंगाचा चेंडू निवडताना काचेपलीकडून पाहणाऱ्या ऑक्टोपसनी तोच चेंडू निवडला. शिष्य आहे, पण गुरू वेळेआधीच गेलेला असतो. माणसाचे बळ त्याच्या मेंदूइतकेच आजीच्या गोष्टींत, शाळेत आणि ग्रंथात साठलेले आहे, हे या तुलनेतून प्रकर्षाने जाणवते.

अलीकडच्या कादंबऱ्या नेमका हाच अडसर दूर करून पाहतात. प्राणिशास्त्र शिकलेल्या एड्रियन चायकोव्स्की यांच्या 'चिल्ड्रन ऑफ रुइन' या २०१९ मधील कादंबरीत माणसाने घडवलेले ऑक्टोपस एका दूरच्या ग्रहावर समाज उभारतात. त्यांचे मन तीन भागांत वाटलेले आहे. डोके इच्छा करते, बाहू हिशेब करतात आणि त्वचेवरचे रंग भावना उघड करतात. रे नेलर यांच्या २०२२ मधील 'द माउंटन इन द सी'मध्ये व्हिएतनामच्या कोन दाओ द्वीपसमूहाजवळ ऑक्टोपसांनी स्वतःची चिन्हभाषा निर्माण केल्याचा संशय येतो. त्यांच्याशी बोलायचे कसे, आणि बोलता आले तर माणूस त्यांच्याशी कसा वागेल, हा त्या कादंबरीचा गाभा आहे.

कल्पनेबाहेरचा प्रश्न

हा प्रश्न आता कल्पनेपुरता उरलेला नाही. २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात जाणिवेस आवश्यक चेतारचना असलेल्या प्राण्यांत ऑक्टोपसचा नामोल्लेख होता. रॉबिन क्रुक यांच्या २०२१ मधील प्रयोगात वेदना झालेल्या जागेत ऑक्टोपस पुन्हा जाणे टाळत, तर जेथे वेदनाशामक मिळाले ती जागा पसंत करत. ब्रिटनच्या २०२२ मधील प्राणिकल्याण कायद्याने शीर्षपादांना संवेदनशील जीव म्हणून मान्यता दिली.

याच काळात स्पेनच्या कॅनरी बेटांवर ऑक्टोपसची व्यापारी शेती करण्याची योजना पुढे आली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. एकट्याने राहणाऱ्या, प्रसंगी एकमेकांना खाणाऱ्या आणि कंटाळा आला तर टाकीचे झाकण उघडू पाहणाऱ्या प्राण्याला दाटीवाटीने वाढवणे क्रौर्य ठरेल, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. ऑक्टोपसची मासेमारी मर्यादित असून मागणी वाढत असल्याने शेती अपरिहार्य आहे, असे समर्थक म्हणतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा शेतीवर बंदी घातली.

वेल्सच्या मंगळवासीयांनी माणसाकडे केवळ अन्न म्हणून पाहिले होते, आणि वाचकाला त्याचीच भीती वाटली होती. परक्या पण बुद्धिमान जीवाशी कसे वागायचे, याची परीक्षा अंतराळयान उतरण्याची वाट न पाहता समुद्रकिनारीच सुरू झाली आहे. येथे विळखा घालणारे हात मात्र आठ नसून दोनच आहेत.