फाळक्यावरच्या रेघा

जुन्या गाडीलाही वंशावळ असते. महायुद्धात गाजलेली विलीज जीप १९४७ साली ‘महिंद्रा आणि मोहम्मद’ कंपनीने मुंबईत जोडावयास घेतली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले. १९४८ साली पाटीवरचे त्यांचे नाव जाऊन ‘महिंद्रा आणि महिंद्रा’ झाले.

आमच्या काटोलच्या मळ्यातून नागपूरच्या बाजारात संत्री नेणारा पिकअप त्याच घराण्यातला. आजोबांमागे तो गंजत पडला होता. यंदा दुरुस्तीस काढला. फाळक्यावर आजोबांनी बहराचे साल कोरून खेपेगणिक एकेक रेघ ओढलेली. एका सालापुढे रेघच नाही. त्याच साली आजीच्या पाटल्या गहाण गेल्या होत्या. पेंटर तेथे लांबी भरू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

गाडी आता नवी दिसते. फाळका तेवढा जुनाच आहे.