लिनक्समध्ये पेनड्राइव्हचं फोल्डर आपोआप कसं तयार होतं? बॅकअप घेणाऱ्यांनी हे वाचाच

लिनक्स असलेल्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की तो लगेच स्क्रीनवर दिसतो. पण तोच टर्मिनलमधून कमांड देऊन जोडायला गेलात, तर अनेकदा एरर येते: माउंट पॉइंट अस्तित्वात नाही. असं का होतं? आणि याचा तुमच्या बॅकअपशी काय संबंध?

माउंट पॉइंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये ड्राइव्हला सी, डी, ई अशी अक्षरं मिळतात. लिनक्समध्ये ती नसतात. तिथे सगळ्या फोल्डर्सचं मिळून एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्यातल्या एखाद्या फोल्डरला जोडावी लागते. या जोडण्याला 'माउंट करणं' म्हणतात आणि त्या फोल्डरला 'माउंट पॉइंट'. हे फोल्डर आधीपासून असावं लागतं. नसेल, तर नुसती माउंट कमांड ते तयार करत नाही.

मग आपोआप कधी तयार होतं?

- डेस्कटॉपवर: हे काम 'यूडिस्क्स' ही सेवा करते. उबुंटूमध्ये 'मीडिया' फोल्डरात तुमच्या युजरनेमखाली नवं फोल्डर बनतं. ड्राइव्ह इजेक्ट केला की ते काढूनही टाकलं जातं.
- कॉम्प्युटर सुरू होताना: 'एफएसटॅब' फाइलमध्ये डिस्कची नोंद असेल, तर 'सिस्टमडी' नसलेलं फोल्डर स्वतः तयार करतं.
- कमांड देताना: माउंट कमांडला 'एमकेडिर' हा पर्याय जोडला की फोल्डरही तयार होतं. त्यासाठी रूट अधिकार लागतात.

यात धोका कुठे आहे?

समजा, तुमची एक स्क्रिप्ट रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटोंचा बॅकअप घेते. ती आधी फोल्डर नसेल तर तयार करते, मग डिस्क माउंट करते आणि मग फोटो कॉपी करते.

एके दिवशी केबल सैल होते. माउंट फसतं, पण फोल्डर तर तयार आहे! स्क्रिप्टमध्ये तपासणी नसेल, तर ती पुढे जाते आणि फोटो लॅपटॉपच्याच डिस्कवर कॉपी होतात. बॅकअप झाला असं तुम्हाला वाटतं. ती डिस्क बिघडली की मूळ फोटो आणि त्यांची कॉपी दोन्ही एकदम जातात.

दुसरी गंमत म्हणजे, नंतर बाहेरची डिस्क नीट माउंट झाली की फोल्डरमधल्या त्या फाइल्स दिसेनाशा होतात. त्या डिलीट झालेल्या नसतात, नव्या डिस्कखाली झाकल्या जातात. त्यामुळे लॅपटॉपची जागा भरलेली दिसते, पण कशाने भरली ते सापडत नाही. डिस्क अनमाउंट केली की त्या पुन्हा दिसतात.

काय काळजी घ्याल?

- माउंट फसलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबायला हवी.
- कॉपी करण्याआधी 'माउंटपॉइंट' कमांडने तपासा. त्या फोल्डरला खरंच डिस्क जोडलेली आहे का, हे ती सांगते.
- एफएसटॅबमध्ये 'नोफेल' पर्याय दिला असेल, तर डिस्क नसतानाही कॉम्प्युटर सुरू होतो. तिथे ही तपासणी आणखी गरजेची.
- अधूनमधून बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फोटो उघडून बघा.

थोडक्यात, फोल्डर दिसतंय म्हणजे डिस्क जोडलेली आहे, असं धरून चालू नका.